मुदतीच्या तापाचे पंचेचाळीस दिवस

२०२४च्या उन्हाळ्यात मला टायफॉईड, म्हणजे मुदतीचा ताप, झाला. पहिली कणकण आली तेव्हापासून शाळेत पुन्हा नेहमीसारखं काम सुरू होईपर्यंत ४५ दिवस गेले. एक तपासणी वेळेवर झाली असती तर त्यातले दहा-बारा दिवस तरी नक्की वाचले असते. म्हणून वही समोर ठेवून तारखांसकट लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. औषधांची नावं येतील ती माझ्या कागदांवरची आहेत, ती वाचून कुणी परस्पर गोळ्या आणू नयेत.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईपासून तासाभरावर. १३ मेला बीड लोकसभेचं मतदान होतं आणि मला ड्यूटी लागली होती. १२ तारखेला साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर गेलो, १३ला मतदान झालं आणि सगळं जमा करून घरी पोचायला १४ची पहाट उजाडली. घरून नेलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पहिल्याच दुपारी संपल्या. मग मिळालं ते प्यायले, ड्रममधलं, शेजारच्या घरातल्या माठातलं. त्याच आठवड्यात तालुक्याला दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा रसवंतीवर बर्फ घातलेला रस घेतला. घरी तरी काय, गावाला टँकर चालू होता. जंतू नेमका कुठून आला ते मला सांगता येत नाही, आणि कुणावर बोटही ठेवायचं नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की जंतू पोटात गेल्यावर ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे काल काय खाल्लं हे आठवून उपयोग नाही, पंधरा दिवसांमागचं आठवावं लागतं.

२५ मे, शनिवार. संध्याकाळी अंगात कणकण आली. डोकं इतकं ठणकायला लागलं की ओढणी कपाळाला घट्ट आवळून बसले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ऊन बाधलंय बाई तुला. कामून फिरलीस एवढी उन्हातान्हात?" त्यांनी तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं दिलं. मलाही तेच वाटलं. मे महिन्यात आमच्याकडे ताप आला की पहिला संशय उन्हावरच जातो.

पण या तापाची चाल वेगळी होती. सकाळी थोडा उतरायचा, संध्याकाळी कालच्यापेक्षा एक पायरी वर चढायचा. माझ्या वहीत आकडे आहेत: २५ला ९९.८, २६ला १००.६, २७ला १०१.४, २८ला १०२.२. सर्दी नाही, खोकला नाही. जिभेवर पांढरा थर, कडा लाल. अन्नाचा वास नकोसा झालेला आणि चार दिवस पोट साफ नाही. जुलाब नाहीत म्हणजे पोटाचं दुखणं नाही, असं मी धरून चालले. ते चुकलं. मोठ्या माणसांना टायफॉईडमध्ये पोट घट्ट होणं नेहमीचं असतं, जुलाब लहान मुलांना जास्त होतात. ताप आला की आकडा आणि वेळ लिहून ठेवा, साध्या वहीत चालेल. पुढे अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी रिपोर्टांच्या आधी माझी ती वहीच मागून घेतली.

२८ मेला तालुक्याच्या एका दवाखान्यात गेले. सलाईन, इंजेक्शन आणि टायफॉईडसाठीची विडाल नावाची रक्ततपासणी, सगळे मिळून १,१५० रुपये. अर्ध्या तासात विडालचा कागद हातात आला: टीओ १:८०, टीएच १:१६० (जंतूच्या दोन भागांविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचे आकडे). "थोडा टायफॉईड निघालाय," असं सांगून सेफिक्झीम २०० च्या गोळ्या दिल्या, दिवसातून दोन, पाच दिवस. 'थोडा टायफॉईड' हा शब्द आमच्या भागात घरोघरी ऐकू येतो. मलाही निदान झालं याचं हायसं वाटलं. नाव कळलं, गोळ्या मिळाल्या, आता उतरेल.

आणि थोडा उतरलाही. १ जूनला संध्याकाळी ९९.६. २ तारखेला गोळ्या संपल्या. ३ला मी धुणं काढलं. ४ जूनला मतमोजणी होती, घरातले सगळे टीव्हीसमोर. त्या संध्याकाळी मला अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या अंगावर घेऊनही दात वाजत होते. ताप १०३. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या आणि उजव्या बाजूला बेंबीच्या खाली दुखायला लागलं. माझी सातवीतली मुलगी रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलत बसली. मध्येच ती माझ्या नाकापाशी हात धरून श्वास बघत होती. ते मला कळत होतं, पण बोलायचं त्राण नव्हतं.

६ जूनला, गुरुवारी, हे मला शेजाऱ्यांच्या जीपमधून अंबाजोगाईला घेऊन गेले. तिथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे. पण शेजाऱ्यांच्या ओळखीचे एक फिजिशियन होते म्हणून आम्ही खासगीत गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, वही पाहिली आणि विचारलं, "मॅडम, गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त कल्चरला दिलं होतं का?"

कल्चर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ते शेतकऱ्याच्या घरातले असावेत, कारण त्यांनी समजावलं ते असं: "विडाल म्हणजे शेतातला माग. जनावर येऊन गेलं एवढं कळतं. काल आलं की मागच्या साली, ते मागावरून सांगता येत नाही. कल्चरमध्ये जनावरच दावणीला सापडतं."

मग मी नंतर याबद्दल बरंच विचारलं. विडाल तपासणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्यासारख्या भागात अनेकांच्या रक्तात ती आधीपासून थोडीफार असतात, पूर्वी होऊन गेलेल्या आजाराची किंवा लसीची. दुसऱ्याच तापातही ती वाढलेली दिसू शकतात. उलट खऱ्या टायफॉईडच्या पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयारच झालेली नसतात. माझी विडाल चौथ्या दिवशी झाली होती. त्या कागदावरून मला टायफॉईड आहे असंही ठरत नव्हतं आणि नाही असंही. विडालवरच विसंबायचं तर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करून आकडा चौपट वाढला का, हे बघावं लागतं.

ब्लड कल्चरमध्ये रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात, आणि जंतू असतील तर ते तिथे वाढतात. ते वाढले की त्यांच्यावर वेगवेगळी औषधं लावून कोणतं चालतं तेही पाहता येतं. ही तपासणीसुद्धा दहापैकी चार रुग्णांत जंतू पकडू शकत नाही. पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविक पोटात जाण्याआधी घेतली तर शक्यता सगळ्यात चांगली. माझ्या पाच दिवसांच्या गोळ्या झालेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, सापडेल याची खात्री नाही, तरी घेऊ. दोन्ही दंडांतून दहा-दहा मिलिलिटर रक्त दोन बाटल्यांत घेतलं. एवढं रक्त पाहून आमचे हे घाबरले. पण रक्तातल्या जंतूंची संख्या फार कमी असते म्हणून जास्त रक्त लागतं, असं सिस्टरनी समजावलं. नमुने लातूरच्या लॅबला गेले, २,४०० रुपये. बाकीचं त्याच दिवशी कळलं: पांढऱ्या पेशी ३,८०० आणि प्लेटलेट १ लाख १० हजार, म्हणजे दोन्ही कमी, मलेरिया आणि डेंगी दोन्ही निगेटिव्ह, सोनोग्राफीत प्लीहा थोडी वाढलेली. बाटल्या भरल्यानंतरच सेफ्ट्रायॅक्झोनचं पहिलं इंजेक्शन शिरेतून दिलं. दहा हजार रुपये आगाऊ भरून मला दाखल करून घेतलं.

इथे एक गोष्ट घरच्यांसाठी सांगते. चांगलं औषध सुरू झालं तरी टायफॉईडचा ताप लगेच उतरत नाही. ६, ७, ८ जून, तिन्ही दिवस संध्याकाळी १०२च्या वरच. तिसऱ्या रात्री हे डॉक्टरांना म्हणाले, लातूरला हलवू का? डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की या इंजेक्शननंतर ताप पूर्ण जायला चार ते सहा दिवस लागतात. रोज आकडा थोडा खाली येतोय, तेवढं बघा. त्याच सुमारास लॅबचा फोन आला, एका बाटलीत वाढ दिसते आहे. १० तारखेला छापील रिपोर्ट आला: साल्मोनेला टायफी. खाली औषधांची यादी. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर', म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. सेफ्ट्रायॅक्झोन, सेफिक्झीम, अझिथ्रोमायसिन यांच्यापुढे 'एस', म्हणजे चालतं.

सेफिक्झीमपुढे 'एस' पाहून मी विचारलं, मग पहिल्या गोळ्यांचं काय चुकलं? औषध चुकीचं नव्हतं. मात्रा आणि दिवस कमी पडले होते. ताप उतरला म्हणजे जंतू संपला, असं या आजारात नसतं. तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, प्लीहेत, यकृतात दबा धरून राहतो. पूर्ण उपचार झाले तरी काहीजणांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. मला इंजेक्शन एकूण १४ दिवस द्यायचं ठरलं.

११ जूनच्या संध्याकाळी ताप ९८.६. मुलीनं थर्मामीटर झटकून तीनदा लावला.

१३ तारखेला घरी सोडलं. बिल २७,६०० रुपये. त्यात खोलीचे ८,४००, औषधांचे ६,८५०, तपासण्यांचे ६,०५० आणि डॉक्टर-नर्सिंगचे ६,३००. निघताना तीन कागद मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा मूळ रिपोर्ट आणि नोकरीत असाल तर आजारपणाचं प्रमाणपत्र, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहून. माझ्या प्रमाणपत्रावर शिक्का होता, सही होती, क्रमांक पुसट उमटला होता. कार्यालयातून अर्ज परत आला आणि ह्यांना त्या एका आकड्यासाठी पुन्हा अंबाजोगाईची खेप पडली.

घरी आल्यानंतरची १४ जूनची रात्र मला दवाखान्यातल्या कुठल्याही रात्रीपेक्षा जास्त आठवते. मला काही होत नव्हतं. पण आत्या माझ्या खाटेपाशी बसून राहिल्या, झोपा म्हटलं तरी ऐकेनात. पहाटे त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं गेला. ताप सात, चौदा किंवा एकवीस दिवसांची मुदत घेऊन येतो असं म्हणायचे. त्याला चौदाव्या दिवसानंतर बरं वाटायला लागलं होतं, पोरगा भाकर मागू लागला होता. एकविसाव्या दिवशी पोट फुगलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं. मला २५ मेला ताप आला होता. १४ जून म्हणजे एकविसावा दिवस. आत्यांनी तो मोजून ठेवला होता आणि कुणाला सांगितला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बजावलं होतं की तिसऱ्या आठवड्यात आतड्यातल्या जखमांतून रक्त जाऊ शकतं किंवा आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून पोटात अचानक जोराची कळ, पोट ताठ होणं, काळी किंवा रक्ताची शी, यातलं काही झालं तर रात्री दोन वाजताही निघून या. आत्यांचा भाऊ याच गोष्टीनं गेला असणार. टायफॉईडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे पहिलं गुणकारी औषध १९४८ साली वापरात आलं होतं. त्या पोरापर्यंत बारा-पंधरा वर्षांनंतरही ते पोचलं नाही.

त्या रात्रीनंतर आत्यांशी खाण्यावरून वाद घालायचं मी सोडून दिलं. त्यांच्या मते मुदतीच्या तापात अन्न पूर्ण बंद, फक्त भाताची पेज. डॉक्टरांच्या मते उपास मुळीच नको, मऊ आणि थोडं थोडं खायचं, दिवसातून सहा वेळा. मधला मार्ग आत्यांनीच काढला. पेजेत मुगाची डाळ घोटायला लागल्या, मग मऊ खिचडी, उकडलेला बटाटा, केळं, आठवड्यानं उकडलेलं अंडं. ज्वारीची भाकरी आणि ठेचा मला महिनाभर मिळाला नाही. आजारात वजन सहा किलो उतरलं होतं. ऑगस्टमध्ये केस मुठीनं गळायला लागले, तेव्हा मी घाबरून फोन केला. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि ते परत येतात, असं कळलं. आले.

उरलेली सहा इंजेक्शनं १९ जूनपर्यंत तालुक्याला जाऊन घेतली, हाताच्या शिरेतली नळी (इंट्राकॅथ) तशीच ठेवून, रोज १५० रुपये. १५ जूनला शाळा सुरू झाली होती. १५ ते ३० जून अशी १६ दिवसांची परिवर्तित रजा टाकली. शिक्षक बंधुभगिनींसाठी: या रजेला पूर्ण पगार मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस, म्हणजे माझे ३२, कमी होतात. रुजू होताना कामाला तंदुरुस्त असल्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आजारपणाच्याच कागदावर ते भागत नाही.

१ जुलैला रुजू झाले, पण एक भीती सोबत होती. आमच्या शाळेत पोषण आहार मुलांना वाढण्याआधी एक शिक्षक चव घेतो आणि चव नोंदवहीत सही करतो. ते काम बहुतेक माझ्याकडेच असतं, वाढायलाही मी असते. टायफॉईड बरा झाल्यावरही काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू राहतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण शौचातून जंतू जात राहतो आणि हातावाटे अन्नात उतरू शकतो. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच होती. तिला स्वतःला कधी आजारी वाटलं नाही, पण तिच्या हातचं खाऊन अनेक घरं आजारी पडली, आणि आयुष्यातली वीसपेक्षा जास्त वर्षं तिला सक्तीनं एकटं ठेवण्यात गेली. ते वाचल्यापासून माझ्यासमोर आमची चौऱ्याऐंशी ताटं येत होती.

मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, बहुतेकांत राहत नाही, पण तुम्ही अन्नाला हात लावता, तपासून घेऊ. औषध संपल्यावर आठवडा जाऊ दिला आणि मग एकेक दिवस सोडून शौचाचे तीन नमुने कल्चरला दिले: २६ जून, २८ जून, ३० जून. मुख्याध्यापकांना मी स्वतः सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंत मी खिचडीच्या पातेल्याजवळ जाणार नाही. ते म्हणाले, "बाई, कुणी विचारलं नसतं तुम्हाला." म्हणूनच सांगितलं, असं मी म्हणाले.

रजेच्या दिवसांत घरी बसून पाण्याच्या मागे लागता आलं. आमच्या गल्लीत नळाला दाब नाही म्हणून बहुतेकांनी खड्डा खोदून त्यात नळ उतरवला आहे, तोटी कुणालाच नाही. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. मधल्या काळात खड्ड्यात सांडपाणी साचतं, रिकामी पाइपलाइन ते आत ओढते, आणि पुढच्या वेळी तेच सगळ्यांच्या घागरीत. आरोग्य सेवकांना सांगून गावाच्या विहिरीचा आणि आमच्या नळाचा नमुना घ्यायला लावला. निर्जंतुक बाटली ते आणतात, आपण घरच्या बाटलीत पाणी भरून दिलेलं चालत नाही. विहिरीचा नमुना योग्य आला, नळाचा पिण्यास अयोग्य. कागद ग्रामसभेत दाखवला. खड्डे बुजवायचं ठरलं, आमच्या गल्लीत अकरापैकी सात बुजले. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकल्यावर पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी चाचणी करायला जलसुरक्षकांना मी शाळेच्या टाकीपाशी बोलावते. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. पाचवीच्या मुलांना ते बघायला फार आवडतं. घरी आम्ही पाणी उकळतो, आणि गॅस संपायला आला की मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास ठेवतो.

दोन्ही मुलांना टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस दिली, प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास, एकच डोस. ही लस आपल्याकडे सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, पण आम्हाला ती खासगीत विकत घ्यावी लागली. लस घेतली म्हणून पाणी कसलंही चालेल असं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

५ जुलैला तिसरा रिपोर्ट आला. तिन्ही निगेटिव्ह. झेरॉक्स काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. ८ जुलैला, सोमवारी, हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन मी स्वयंपाकखोलीत गेले. खिचडीची वाटी हातात घेतली, चव बघितली. मीठ जरा कमी होतं. ते नोंदवहीत लिहिलं आणि सही केली.